कोकणात गेलेला भाकरीचा डबा

चहा घ्या, पण घोट गिळल्याशिवाय पुढचं ऐकू नका. ठसका लागला तर मला बोल नको.

कोपऱ्यावरचा मंडळाचा फलक बघूनच आलात ना तुम्ही? गळ्यात शाल, हातात नारळ आणि खाली लिहिलंय, ‘कोकणच्या हाकेला धावून गेलेले आमचे माने काका’. येता-जाता लोक नमस्कार करतात हो! परवा तर भाजीवालीनं कोथिंबीर फुकट दिली. मला इतकं ओशाळं वाटलं की मेथीची जुडी न घेताच घरी आलो.

कारण खरं काय ते मला माहीत आहे. मी कोकणच्या हाकेला धावलो नव्हतो. मी एका डब्याच्या मागे धावलो होतो. पत्र्याचा डबा, भाकरीचा. त्याच्यापायी जो घोळ घातला तो आता सांगूनच टाकतो. आत्ता हसून घ्या, शेवटी जमेल न जमेल.

आमची सुमन जाऊन दीड वर्ष होत आलं. हे तुम्ही जाणता. तुम्ही सगळे आला होतात तेव्हा. पण डब्याचं तुम्हाला माहीत नाही.

दवाखान्यात दाखल व्हायच्या आदल्या दिवशी ती दुपारभर चुलीपुढे बसली आणि डबाभर कडक भाकऱ्या केल्या. सोलापुरात राहून तुम्हाला कडक भाकरी काय सांगायची! ज्वारीची, कागदासारखी पातळ, मंद आचेवर वाळवत ठेवलेली. मोडली तर शेजारच्या घरात आवाज जातो, आणि कोरडी राहिली तर महिना-दोन महिने काही होत नाही. मी म्हटलं, “अगं, ऑपरेशन तुझं आहे, तयारी माझी कशाला करतेस?”

“मी येईस्तवर तुमाला काय घालायचं?” ती म्हणाली. “भारतीच्या भाकरीला नावं ठेवत बसाल. त्या पोरीला उगं तरास.”

भारती म्हणजे आमची सून, मैंदर्गीची. मुलगा नोकरीपायी पुण्याला असतो, शनिवारी येतो. घरात मी आणि ती. आणि सुमनचं खरंच होतं. मला नावं ठेवायची सवय आहे. भाजीत मीठ बरोबर असलं तर मी म्हणतो, आज कसं काय बरोबर पडलं?

सुमन परत आली नाही.

दवाखान्याच्या दिवसांत मी त्यातल्या काही खाल्ल्या होत्या. उरलेल्यांना मग दात लावला नाही. डबा माझ्या खाटेखाली ठेवला. अधूनमधून काढायचा, झाकण उघडायचं, बघायचं, वास घ्यायचा आणि बंद करायचा. कधी थोडं बोलायचं. वेडेपणा म्हणा. तुम्हीसुद्धा काही ना काही ठेवलं असेल कुणाचं तरी.

आणि त्या भाकऱ्या तिच्याच, हे डोळे मिटून कळायचं. तिच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट वाकडं होतं. लहानपणी वळसंगला बैलगाडीच्या चाकात सापडलं होतं. थापताना ते बोट काही परातीला टेकायचं नाही. त्यामुळे भाकरीच्या कडेला एक जाडसर उंचवटा राहायचा. मी त्याला टेंगूळ म्हणायचो. ते टेंगूळ नीट वाळायचं नाही, दाताखाली चिवट लागायचं. जन्मभर त्यावरून तिला बोललो. आणि आता डबा उघडला की आधी बोटानं ते टेंगूळ चाचपायचो.

वर्ष उलटलं तरी भाकऱ्या जशाच्या तशा! मी भारतीला बोलावून दाखवायचो. “बघ, ह्याला म्हणतात हात! वर्ष झालं, पण कीड नाही, बुरशी नाही. तुझ्या भाकरीला दुसऱ्या दिवशी वातड व्हायची घाई असते.”

ती बिचारी “व्हय मामा” म्हणायची आणि आत जायची.

तर अशात कोकणात वादळ झालं. मालवणच्या पुढे समुद्राकाठी एक छोटं गाव आहे, तिथल्या बायकांचा बचतगट गावासाठी बरंच काम करतो. आपल्या मंडळाच्या बिराजदार सरांची त्यांच्याशी ओळख होती. होड्या फुटल्या, कौलं उडाली, चुली वाहून गेल्या, काही माणसंही गेली. त्या बायकांनी निरोप पाठवला की शिजवायला सरपण कोरडं नाही, भांडी नाहीत. झालं! सरांनी कॉलनीची सभा घेतली. शिजवायला न लागणारं, टिकणारं, पोट भरणारं काय? सगळ्या सोलापूरकरांच्या तोंडून एकच उत्तर आलं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी!

घरोघरी तवे चढले. भारतीनं दोन दिवस खपून एक पूर्ण डबा भरला. आमच्या गल्लीचे डबे टेम्पोत चढवायची जबाबदारी मी घेतली. कुणी दिली नव्हती, मीच घेतली. हायस्कुलात हेडक्लार्क होतो ना, रांग दिसली की पुढे जाऊन उभं राहायची खोड आहे.

त्या दिवशी सकाळी छान ऊन पडलं होतं. म्हटलं, सुमनच्या डब्याला जरा ऊन दाखवावं. झाकण किलकिलं करून दाराबाहेर कट्ट्यावर ठेवला. तेवढ्यात टेम्पोचा हॉर्न!

मग काय विचारता! मी रस्त्यात उभा. “तो डबा उभा ठेवा! चटणी खाली नको! झाकणं दाबून बघा!” सगळ्यांचे डबे चढवले आणि म्हटलं, आता आपला. वळलो, कट्ट्यावरचा डबा उचलला, झाकण दाबलं आणि दिला वर.

हो. तोच.

हाताला हलका लागला हो! आणि मला काय वाटलं असेल? मला वाटलं, सुनेनं हात आखडता घेतला. चारचौघांत मोठ्यानं बोललोसुद्धा, “आमच्याकडून जरा कमीच आहे. गोड मानून घ्या.”

टेम्पो गेला. मी हात झटकले. आणि दारातून भारती बाहेर आली, दोन्ही हातांनी जड डबा छातीशी धरून.

“मामा, डबा हितंच ऱ्हायला की!”

मी त्या डब्याकडे बघितलं. मग कट्ट्याकडे बघितलं. कट्ट्यावर नुसतं ऊन होतं.

“अय्यो,” भारती म्हणाली. तिच्याही लक्षात आलं. मी मटकन खाली बसलो. ती शेजारी येऊन बसली. “मामा, जाऊ द्या. ऐका माझं. त्या डब्यातल्या भाकऱ्या काय—”

“तू गप बस!” मी ओरडलो. “तुला काय कळणार त्या भाकऱ्यांचं?”

तिनं डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, मी ओरडलो म्हणून.

आता तुम्ही म्हणाल, टेम्पोवाल्याला फोन करायचा. काय सांगायचं त्याला? लोकांची घरं वाहून गेली आहेत, आणि मी म्हणू, बाबा रे, माझ्या बायकोच्या जुन्या भाकऱ्या परत आण? निम्मी कॉलनी गेलेल्या टेम्पोच्या दिशेनं हात जोडून उभी होती. मी फोन खिशातच ठेवला.

कार्यकर्त्यांची जीप देवळापाशी निघायच्या तयारीत होती. मी चपला अडकवल्या आणि पळत सुटलो. माझे गुडघे तुम्हाला माहीत आहेत. जिना चढताना मी दोनदा बसतो. पण त्या दिवशी पळालो.

“सर,” मी धापा टाकत बिराजदारांना म्हटलं, “मी पण येणार.”

“काका? तुमी?” सरांचा आवाजच भरून आला. “ह्या वयात? ह्या गुडघ्यांनी?”

“जायलाच पाहिजे सर. मला राहवत नाही.” शब्द न् शब्द खरा होता, एवढं तरी माझ्या बाजूनं लिहा.

झालं! मी नको नको म्हणतोय आणि कुणीतरी शाल आणली, कुणीतरी नारळ आणला. फोटो निघाले. बायकांनी ओवाळलं. गर्दीमागून भारती हात हलवत “मामा, मामा” करत होती. सर म्हणाले, “सूनबाईंचा जीव बघा कसा तुटतोय!” जीप निघाली.

वाटेत तिचा फोन आला. “मामा, गाडी थांबवा आनि परत या. माझं ऐकून तरी घ्या की!”

“भारती, मी तो डबा घेतल्याशिवाय येणार नाही,” मी हळूच म्हटलं आणि ठेवून दिला. पुन्हा आला, पुन्हा ठेवला. शेजारचा तरुण कार्यकर्ता म्हणाला, “घरचे अडवत्यात काय काका? आणि तरी तुमी चाललाव! धन्य हाय!” मी शाल डोक्यावरून ओढली आणि झोपल्याचं सोंग केलं. कोल्हापूरला आमचा मुक्काम पडला, टेम्पो रात्रीच पुढे गेला; सकाळी घाट उतरला, हवा बदलली. अंगाला चिकटणारी, ओली, खारी हवा. सोलापूरच्या माणसाला वाटतं, कुणीतरी ओलं फडकं अंगावर टाकलंय.

त्या हवेत काय होणार हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं बरं का! आपण कोरड्या मुलखाची माणसं.

शाळेच्या पडवीत डबे उघडून ठेवले होते. मालवणहून आदल्या दिवशीच गॅसची शेगडी आणि पातेली पोचली होती, आणि बचतगटाच्या प्रमुख सुलभाताई पदर खोचून वाढत होत्या. आम्ही पोचलो आणि बघतो तर काय, लोक रांगेत, प्रत्येकाच्या हातात आपली कडक भाकरी, आणि तिच्यावर वाढलेला वाफाळता भात!

“ताई,” बिराजदार सरांनी घाबरून विचारलं, “हे काय?”

“पत्रावळी बऱ्यो दिल्यात तुमी!” सुलभाताई म्हणाल्या. “पन जरा नरम आसत ओ. भात घातलो की वाकतत.”

“ताई, ती भाकरी आहे! खायची!”

“भाकरी? ह्या?” त्यांनी एक उचलून हलवली. ती लोंबली. आपली कडक भाकरी, मोडली तर शेजारी आवाज जाणारी, धुतलेल्या रुमालासारखी लोंबली! सगळा सोलापूरचा माल समुद्राच्या हवेनं मऊ पडला होता. मग सरांनी उभं राहून भाषण केलं, भाकरी म्हणजे काय, चटणी कशी लावायची. पहिल्या माणसानं चटणी लावून घास घेतला आणि “आई गे!” म्हणून पाण्याच्या पिंपाकडे धावला.

एरवी मी पोट धरून हसलो असतो. पण मी डबे मोजत होतो. सगळे सारखे. पत्र्याचे, चौकोनी, मंडळानं एकाच ठिकाणाहून आणलेले. सुमनचा डबाही तसलाच, त्याच दुकानातला. आता ओळखायचं फक्त भाकरीवरून.

मी म्हटलं, “मी जरा माल तपासतो.”

एकेका डब्यात हात घालायचा, एकेक भाकरी काढायची, कडेवरून बोट फिरवायचं, उजेडाकडे धरून बघायचं आणि परत ठेवायचं. रांग थांबली. सर इतरांना सांगत होते, “बघा काका! एक खराब भाकरी लोकांच्या पोटात जाऊ देनार न्हाईत!”

सुलभाताई मात्र कमरेवर हात ठेवून बघत होत्या. “काका, भाकरी बघतास की नोटो तपासतास?”

मी हातातली भाकरी डब्यात ठेवली. “ताई, सगळे डबे इथेच आहेत ना?”

“एक सोडून. हलको होतो तो. दत्तारामाक दिलंय.” त्यांचा आवाज उतरला. “त्याची बायल गेली वादळात. घराची भिंत अंगावर पडली. तेवापासून म्हातारो अन्नाक शिवूक नाय. होडयेकडे बसलोहा. मी म्हटलंय, डबो जवळ ठेवलो तर एखाद वेळ हात घालीत.”

मी किनाऱ्याकडे चाललो. वाळूत पाय रुततात हो, गुडघे जीव घेत होते. वाटेत बोलायचं काय ते पाठ करत होतो. ‘दादा, हा डबा चुकून आला. ह्याच्या बदल्यात दुसरा भरलेला देतो.’ साधी गोष्ट. दोन वाक्यं. त्याचंही नुकसान नाही.

एक होडी उलटी पडलेली. तिच्या सावलीत एक म्हातारा, माझ्याच वयाचा, गंजीफ्रॉक आणि पंचा. शेजारी डबा, झाकण उघडं. आत काही नव्हतं. म्हाताऱ्याच्या हातात एक भाकरी होती. मला लांबूनच तिच्या कडेचं टेंगूळ दिसलं.

पाठ केलेली दोन्ही वाक्यं आता काय कामाची?

“बसा,” तो म्हणाला. “खयसून इलास?”

“सोलापूरहून.”

“लांबसून इलास.” त्यानं माझ्याकडे बघितलं. “जेवलास?”

मी मान हलवली. नाही म्हणून की हो म्हणून, मलाच कळलं नाही. त्यानं हातातली भाकरी मोडली. आवाज झाला नाही, ओली झाली होती, नुसती फाटली. टेंगळाचा भाग माझ्याकडे आला. “घ्या. उपाशी बसा नुको.”

मी सुमनची शेवटची भाकरी खाल्ली. अर्धी. दीड वर्ष जिला दात लावला नव्हता ती समुद्राकाठी, उलट्या होडीजवळ, एका परक्या माणसाबरोबर खाल्ली. टेंगूळ चिवट लागलं. नेहमीसारखंच. मला रडू आवरेना, म्हणून मी समुद्राकडे तोंड केलं. तोही तिकडेच बघत होता.

“ही कोणी केली?” त्यानं विचारलं.

“घरच्यांनी. बायकोनं.”

“हात बरो आसा तिचो.” तो थोडा वेळ चावत राहिला. “माझी तांदळाची करी. एका बाजून करपायचीच. रोज बडबडलंय मी तिका. आता करपलेली पन मिळाची नाय.”

मी टेंगळाचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला.

“घराकडे गेल्यार तिका सांगा,” तो म्हणाला, “म्हातारो जेवलो म्हणान. किती दिसांनी जेवलो.”

“सांगतो,” मी म्हटलं.

सुमन गेल्याचं मी त्याला सांगितलं नाही. त्याच्याकडे एक दुःख होतंच. माझं आणखी कुठे त्याच्या उरावर ठेवू? आणि खरं सांगू? घटकाभर मलाही बरं वाटलं. कुणीतरी तिला निरोप दिला होता, जशी काही ती घरी वाट बघत बसली असावी.

रिकामा डबा मागून घेतला. तो म्हणाला, न्या. मग पडवीत आलो आणि संध्याकाळपर्यंत मऊ भाकऱ्या तव्यावर पुन्हा शेकून कडक करून दिल्या. गरम गरम खा, सांगत होतो. लोकांनी खाल्ल्या. चटणी मात्र त्यांनी खोबऱ्यात मिसळली. सुलभाताई मला म्हणाल्या, “काका, पुढच्या वेळेक ताडपत्री पाठवा. आनि काडेपेटयो. आमका जेवान आमी रांधू.” ते बरोबरच होतं. मंडळानं पुढच्या खेपेला तेच पाठवलं.

घरी आलो. भारती दारातच होती. मी चपला काढल्या. डबा घेऊन सरळ सुमनच्या फोटोपुढे गेलो.

“सुमन,” म्हटलं, “भाकऱ्या संपल्या बघ. माझ्यामुळे संपल्या. पण कोकणात एक दत्ताराम म्हणून आहे. त्याची बायको गेली. तो जेवत नव्हता. तुझी भाकरी खाल्ली त्यानं. तुला सांगायला सांगितलंय की म्हातारा जेवला. हात बरा आहे म्हणाला तुझा.”

मागे कप आदळल्याचा आवाज झाला. भारती चहा घेऊन उभी होती आणि बशीत चहा सांडत होता. ती ढसाढसा रडत होती.

“अगं, काय झालं?”

“मामा, खरंच जेवला का वो तो?”

“जेवला की. पण तू का—”

“त्या भाकऱ्या आत्यांच्या नव्हत्या मामा.” तिनं कप खाली ठेवला. “आत्यांच्या भाकऱ्यांना मागच्या पावसाळ्यात किडं लागलं. तुमी ह्यांच्याकडं पुण्याला गेलावता. मी डबा उघडला तर नुसता भुगा. तुमी येऊन डब्यापुढं बसनार, बोलनार. किडं लागलं म्हनून कसं सांगू तुमाला? मीच करून ठेवल्या. लागलं की पुन्ना करायची. दोन-तीनदा बदलल्या.”

“पण ते टेंगूळ?”

तिनं उजवा हात पुढे केला आणि करंगळीशेजारचं बोट आत दुमडलं. “असं बोट धरून थापायचं. पहिल्या किती तरी फाटल्या. मग जमलं.”

मी त्या हाताकडे बघत राहिलो. म्हणजे वर्षभर मी ज्यांचा वास घेत होतो, ज्यांच्याशी बोलत होतो, ज्या तिच्याच तोंडापुढे नाचवून म्हणत होतो, बघ, ह्याला म्हणतात हात! त्या भारतीच्याच. सुमनचं काहीच नव्हतं त्या डब्यात. ते कळलं तेव्हा सुमन माझ्यापुरती पुन्हा एकदा गेली, खोटं कशाला सांगू? मी तिथेच बसलो आणि दवाखान्यात रडलो नव्हतो तेवढा रडलो.

“आणि तिच्या?” मी विचारलं. “तिच्या भाकऱ्यांचं काय केलंस?”

“टाकल्या न्हाईत मामा. चाळून, चुरून अंगनात घातल्या. चिमन्यांनी खाल्ल्या.”

त्या चिमण्या! पुण्याहून आल्यावर आठवडाभर मी त्यांना काठी घेऊन हाकलत होतो. मेल्या एवढ्या का जमल्यात म्हणून!

चहा निवला होता. तसाच प्यायलो. मग ध्यानात आलं की दत्तारामाचा निरोप मी चुकीच्या ठिकाणी दिला. ज्या हातची भाकरी खाऊन तो जेवता झाला, तो हात तेव्हा माझ्यामागे कप धरून उभा होता.

“भारती,” म्हटलं, “निरोप तुला होता गं. म्हातारा जेवला. हात बरा आहे म्हणाला.”

ती पदरानं तोंड पुसत हसली. “तो म्हनाला. आनि तुमी?”

मी नाकावरचा चष्मा नीट केला. सुमनच्या फोटोकडे बघितलं. तिथून काही मदत मिळेना.

“टेंगूळ जरा चिवट होतं,” म्हटलं.

त्या दिवसापासून डबा खाटेखाली रिकामा होता. काल भारतीनं झाडताना तो बाहेर काढला आणि विचारलं, “मामा, भरून ठिवू का पुन्ना?”

“ठेव,” मी म्हटलं. “पण आता बोट दुमडू नकोस. तुझं बोट सरळ आहे, सरळच थाप.”

“मग नावं ठिवाल की!”

“ठेवीन की,” म्हटलं. “भाकरीला कीड लागते पोरी, माझ्या सवयीला नाही लागत.”